भुतं आणली की गुन्हेगार सुटतात का? ('द रिफॉर्मेटरी' वाचून झाल्यावर)

कोरांटी

(रसभंग होऊ शकतो. ज्यांना वाचायचीच आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं.)

गेल्या महिन्यात एकाच शाळेवरच्या दोन कादंबऱ्या पाठोपाठ वाचल्या, मुद्दाम ठरवून. शाळा म्हणजे फ्लोरिडातल्या मरिआना गावातली मुलांची सुधारशाळा. आपल्याकडे पूर्वी 'रिमांड होम'ची भीती घालायचे ना, तसलंच काहीसं. १९०० साली सुरू झाली आणि २०११ साली बंद पडली. शाळा बुडवली, सिगारेट ओढली, घरातून पळून गेला, एवढ्यावर मुलं तिथे रवाना व्हायची. काळ्या आणि गोऱ्या मुलांची आवारं १९६० च्या दशकाच्या शेवटापर्यंत वेगळी होती. आवारात एक बसकी, काँक्रीटची, पांढरी इमारत होती. तिला 'व्हाइट हाउस' म्हणत. तिथे पोरांना पलंगावर पालथं पाडून चामड्याच्या पट्ट्याने फोडून काढत आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मोठा पंखा सुरू करून ठेवत. मार खाऊन जगलेली मुलं आता म्हातारी आहेत, ती स्वतःला 'व्हाइट हाउस बॉइज' म्हणवतात. जी जगली नाहीत त्यातल्या अनेकांना तिथेच आवारात पुरलं.

पहिली कादंबरी कोल्सन व्हाइटहेड यांची 'द निकल बॉइज', २०१९ ची. तिला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. तिच्यात भूतबीत काही नाही. दुसरी तानानारीव ड्यू यांची 'द रिफॉर्मेटरी', २०२३ ची. काळ १९५०, गाव काल्पनिक, नाव ग्रेसटाउन. बारा वर्षांचा रॉबर्ट आपल्या थोरल्या बहिणीच्या, ग्लोरियाच्या, अंगचटीला येणाऱ्या गोऱ्या जमीनदाराच्या पोराला लाथ मारतो. सहा महिन्यांची शिक्षा होते. या रॉबर्टला मेलेली माणसं दिसतात. तिकडच्या बोलीत त्यांना 'हेंट' म्हणतात. शाळेत तर ती जागोजागी आहेत, कारण तिथे मेलेली मुलं जागोजागी आहेत.

पुस्तक उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पाचशेच्या वर पानं आहेत आणि मी ती चार रात्रीत संपवली. माझी अडचण वेगळीच आहे. 'निकल बॉइज' मिटवलं तेव्हा रात्रभर छातीवर दगड होता. 'रिफॉर्मेटरी' मिटवलं तेव्हा तोंडातून निघालं, "बरं झालं!" शेवटी भुतं आपला हिशेब चुकता करतात ना. अधीक्षक हॅडॉकला जे भोगायचं ते तो भोगतो. आणि मला झोप लागली.

ती झोप मला आता खुपते आहे. खऱ्या मरिआनात कुणीही हिशेब चुकता केला नाही. पट्टा चालवणारे नोकरी पूर्ण करून निवृत्त झाले. मग वंशद्वेषावरच्या कादंबरीत भुतं आणून लेखिकेने वाचकाला दार उघडून दिलं असं नाही का होत? शिवाय हॅडॉक इतका सैतानी आहे की सगळा दोष त्याच्या एकट्याच्या खात्यावर जमा होतो. शिक्षा ठोठावणारा न्यायाधीश, शाळेचं धान्य चोरून विकत घेणारा वाणी, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा कारकून, ही साधी माणसं 'निकल बॉइज'मध्ये अंगावर येतात. इथे ती भुतांच्या गर्दीत हरवतात असं मला वाटलं.

बोला.

टवाळ

शंभरी भरणार या धाग्याची. चहा टाकून बसलोय.

तर्कटराव

धागालेखिकेशी सहमत, पण कारण जरा वेगळं आहे.

मी बरीच वर्षं अंधश्रद्धेविरोधात गावोगाव कार्यक्रम केले. भानामतीच्या केसमध्ये पहिला धडा हा की घरातल्या माणसाचा हात शोधायचा. भिंतीवर बिब्ब्याच्या फुल्या आपोआप उमटत नाहीत, कुणीतरी काढतं. 'बाहेरचं काहीतरी आहे' असं म्हटलं की तो हात सुटला. कादंबरीतही तेच होतं.

आता मरिआनात प्रत्यक्ष काय झालं ते बघा. सरकारी चौकशी म्हणत होती, ३१ थडगी. त्यांच्यावर नळाच्या पाइपांचे ३१ पांढरे क्रूस उभे होते. ते खरे थडग्यांच्या जागी नव्हतेच. साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या एरिन किमर्ली या न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ. त्यांच्या गटाने जमिनीत रडार सोडलं, माती चाळली आणि ५५ दफनं शोधली. काही झाडोऱ्यात, काही रस्त्याखाली, एक तुतीच्या मोठ्या झाडाखाली. खोदायची परवानगी राज्याच्या एका खात्याने आधी नाकारली होती. शेवटी ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यपाल आणि त्यांच्या मंत्रिमंडळाने मतदान करून ती दिली. त्याच महिन्यात पुण्यात डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या, म्हणून मला ती तारीख लक्षात आहे.

मुद्दा असा, की ती मुलं रडारने सापडली आणि त्यातली काही डीएनएने ओळखली गेली. एकही हेंट कामाला आला नाही. एका प्राध्यापिकेचा चिवटपणा हीच गोष्ट एवढी थरारक आहे, तिला भुताची फोडणी कशाला?

आंबेमोहोर

मी टॅलाहासीत राहते. मरिआना आमच्यापासून तासाभरावर, आय-टेन महामार्गाने पश्चिमेला.

आधी एक कबुली. सासू-सासरे आले होते तेव्हा आम्ही सगळे मरिआनाला गेलो होतो. फ्लोरिडा सपाट, त्यात तिथे चुनखडीच्या गुहा आहेत, सरकारी उद्यान आहे, म्हणून सहल. थालीपीठं आणि दह्याचा डबा नेला होता. गुहेतल्या थंडाव्यात सासूबाई म्हणाल्या, "अगदी कार्ल्यासारखं नाही, पण बरं आहे." परतताना गावात पेट्रोल भरलं, आइस्क्रीम खाल्लं. शाळा तिथून किती जवळ आहे हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं. त्या दिवशी आम्हाला कुठेही पाटी दिसली नाही. कुणी काही बोललंही नाही, आणि का बोलेल? आम्ही पाहुणे.

त्याच भागात १९३४ साली क्लॉड नील या काळ्या माणसाला हाल हाल करून मारलं आणि प्रेत गावातल्या कोर्टासमोर टांगलं. हे अचानक घडलं नव्हतं, त्याची आगाऊ खबर वर्तमानपत्रांत आणि रेडिओवर होती. गावाने सगळं पाहिलं आणि गाव गप्प बसलं.

कोरांटीताई, म्हणून मला तुमचा मुद्दा पटत नाही. जिथे कागद खोटा, पाटी नाही, क्रूस चुकीच्या जागी आणि जिवंत माणसं गप्प, तिथे साक्ष देणार कोण? मेलेलाच देणार ना. ड्यूबाईंनी भुतं भीती घालायला आणलेली नाहीत, साक्षीला आणली आहेत. हॅडॉक रॉबर्टला काय काम सांगतो ते आठवा. भुतं दिसतात ना तुला, मग पकडून दे, लवकर सोडतो. अधीक्षकाला शाळा 'स्वच्छ' करून हवी आहे. मला तो प्रसंग वाचताना ती परवानगी नाकारणारी फाइलच दिसली.

तर्कटराव

रूपक म्हणून ठीक. पण रूपक आणि समजूत यातली रेघ वाचकाला दिसते का? आपल्याकडचा वाचक 'रूपक' म्हणून वाचत नाही, 'असतं बरं का काहीतरी' म्हणून वाचतो.

आंबेमोहोर

तर्कटराव, वाचकाला इतकं बावळट का समजता? मर्ढेकरांचे उंदीर पिपात मेले म्हणून कुणी पिंजरा आणायला धावलं नाही.

टवाळ

आमच्या आठवीच्या बाई धावल्या असत्या.

रानभूल

मी सिंधुदुर्गातला. 'रूपक की समजूत' हा प्रश्न शहरी वाटतो मला. आमच्याकडे देवचार आहे. वेशीवर असतो, पायात वहाणा, हातात काठी, वर्षाला त्याचा मान द्यायचा. माझे वडील शिक्षक, पक्के नास्तिक, पण मान चुकला तर तेच आठवण करायचे. विचारलं तर म्हणाले, "हा गाव आपल्याआधी कुणाचा होता हे लक्षात राहतं त्याने." त्यांचा भुतावर विश्वास होता का? नव्हता. मान द्यायचे का? द्यायचे.

हेंटचं तसंच असावं. मानायचं की नाही हा नंतरचा प्रश्न, आधी जागा कुणाची ते कळतं.

आंबेमोहोर

अगदी! आमच्या शेजारच्या आजी, काळ्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या ओसरीचं छत फिकट निळं आहे. दक्षिणेत खूप घरांना असतं, विशेषतः जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याकडे, जिथे गुलामांना निळीच्या मळ्यांवर राबवलं. रंगाचं नावच 'हेंट ब्लू'. समजूत अशी की भूत पाणी ओलांडत नाही, निळं छत त्याला पाणी वाटतं. आता दुकानात डब्यावर तेच नाव छापून विकतात, गोरी घरंही हौसेने लावतात.

कोरांटी

छान माहिती मिळते आहे, पण माझा प्रश्न तसाच राहिला. भूत साक्षीदार असायला माझी हरकत नाही. टोनी मॉरिसनच्या 'बिलव्हेड'मधलं भूतही साक्षीदारच आहे, पण ते वाचकाला सोडत नाही. तिथे आई मुलीला स्वतःच्या हाताने मारते, गुलामीत परत जाऊ नये म्हणून. मूळ घटना १८५६ ची, मार्गारेट गार्नरची. ते भूत हिशेब चुकता करत नाही, उलट घर खाऊन टाकतं. माझा आक्षेप सूड घेणाऱ्या भुताला आहे. साक्षीदाराने न्यायाधीश व्हायचं आणि मग जल्लादही व्हायचं, हे जरा फार सोयीचं होतं.

आणि हॅडॉकबद्दल कुणीच बोललं नाही.

पाटावरवंटा

हॅडॉकबद्दल मी बोलते. निम्मी कादंबरी हॅडॉकची नाहीच मुळी, ग्लोरियाची आहे. ती त्या भागांत काय करते? दारं ठोठावते. न्यायाधीशाचं दार, वकिलाचं दार, ज्या गोऱ्या बायका 'आम्ही तुमच्या बाजूच्या' म्हणतात त्यांचं दार. प्रत्येक दारात कुणीतरी हसून, मऊ आवाजात, काहीही न करता तिला परत पाठवतं. त्या भागांत भुतं जवळजवळ नाहीत. आणि खरी भीती मला तिथेच वाटली. रात्रीचा रस्ता, मागून मोटारीचे दिवे, आणि मोटार पुढेही जात नाही, थांबतही नाही. अंगावर काटा आला तो तिथे.

ताई, तुम्हाला साधी माणसं हरवली असं वाटलं कारण तुम्ही रॉबर्टची प्रकरणं कधी येतात म्हणून ग्लोरियाची भराभर उलटलीत. चार रात्रीत पाचशे पानं! (रागावू नका, मीही पहिल्यांदा तेच केलं.)

कोरांटी

रागावले नाही. थोडी ओशाळले. खरं आहे.

तर्कटराव

पण मग पाटावरवंटा यांनी माझाच मुद्दा सिद्ध केला. जिथे भुतं नाहीत तिथे कादंबरी जास्त भेदक आहे!

पाटावरवंटा

नाही हो. रॉबर्टच्या भागातली भुतं वाचून आल्यावरच तो मोटारीचा दिवा भुतापेक्षा भयंकर आहे हे कळतं. भुतापाशी बसलेला पोरगा तुलनेने सुरक्षित आहे, हे कळल्यावर पोटात गोळा येतो. एकटं ठेवलं असतं तर तो नुसता 'पाठलागाचा प्रसंग' झाला असता.

लेखणीबहाद्दर

भयकथा हा दुय्यम प्रकार आहे. पुलित्झर कुणाला मिळालं आणि भयकथांचं 'ब्रॅम स्टोकर' पारितोषिक कुणाला मिळालं, यातच उत्तर आहे. गंभीर विषयाला गंभीर हाताळणी लागते. मराठीतही भयकथा म्हणजे रेल्वे स्टेशनवर घ्यायची आणि उतरताना सीटवर ठेवून यायची, हे जे स्थान आहे ते योग्यच आहे.

आंबेमोहोर

लेखणीबहाद्दर, लेखिकेचा जरा माग काढलात तर हे लिहिलं नसतं. ड्यू यांच्या आई पॅट्रिशिया स्टीफन्स ड्यू. १९६० साली आमच्याच टॅलाहासीत वूलवर्थच्या दुकानात 'फक्त गोऱ्यांसाठी' असलेल्या काउंटरवर बसल्या म्हणून अटक झाली. दंड भरायचं नाकारलं आणि ४९ दिवस तुरुंगात काढले. मोर्चात डोळ्यांवर अश्रुधूर आला, तेव्हापासून आयुष्यभर काळा चष्मा लावत. २०१२ साली गेल्या. त्यानंतर लेकीला फ्लोरिडातल्या सरकारी कार्यालयातून फोन: त्या शाळेच्या स्मशानात तुमच्या घरातला एक मुलगा असावा. नाव रॉबर्ट स्टीफन्स. १९३७ साली गेला. नात्याने चुलत आजोबा, वय पंधरा.

ज्या बाईने चळवळीत आयुष्य घातलं, तिच्या घरात या मुलाचं नावही शिल्लक नव्हतं. ना फोटो, ना गोष्ट. अशा माणसाबद्दल वास्तववादी कादंबरी लिहायला वास्तव आणायचं कुठून? कादंबरीतल्या पोराला तेच नाव दिलं आहे. आणि त्याला मेलेल्यांशी बोलता येतं. मला तर यापेक्षा गंभीर हाताळणी सुचत नाही.

लेखणीबहाद्दर

पार्श्वभूमी हृदयद्रावक आहे, मान्य. पण लेखिकेचं दुःख खरं असणं हा कलाकृतीच्या दर्जाचा पुरावा होत नाही.

कोरांटी

हे मात्र बरोबर बोललात. दर्जा वेगळा आणि दुःख वेगळं. फक्त 'भयकथा दुय्यम' हे मी कुठे म्हटलेलं नाही, माझ्या नावावर खपवू नका.

गावकूस

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

सगळे हेंटबद्दल बोलताय. आपल्या भुतांबद्दल बोला जरा. १९१५ साली एन्थोव्हेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने कोकणातल्या लोकसमजुतींच्या नोंदी छापल्या. त्यात भुतांची यादी आहे आणि ती यादी जातवार आहे. ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा. मुंजा मुंज झालेल्या पोराचा, म्हणजे तोही कुणाचा ते कळलंच. रानभूल, तुमचा देवचार शूद्राचा. झोटिंग कुणब्या-कोळ्याचा. आणि खवीस कुणाचा, हे प्रत्येक गाव वेगळं सांगतं. कुठे मुसलमानाचा, कुठे महारा-मांगाचा. पण कधीच 'आपल्यातला' नसतो. मुंजाला पिंपळाखाली पार बांधतात. खवीस उतरवतात, हाकलतात, मिरच्यांची धुरी देतात.

माणूस मेल्यावरही जात जात नाही असं आपण म्हणतो ना, ती म्हण नाही, यादी आहे.

आता पुरंदर. तिथल्या शेंदऱ्या बुरुजाची आख्यायिका गॅझेटियरमध्येसुद्धा आहे. बुरुजाचा पाया टिकेना, म्हणून महाराच्या घरातला मुलगा आणि त्याची बायको पायात जिवंत पुरली, मग बुरूज उभा राहिला. खरं-खोटं मी सांगत नाही, आख्यायिका म्हणतोय. कॉलेजात असताना ट्रेकला गेलो होतो. पुढारी पोरगा बुरुजापाशी थांबून हे सांगत होता, कौतुकाने, 'काय त्याग बघा' म्हणून. सगळ्यांनी फोटो काढले. मी बाटलीतलं पाणी पीत उभा राहिलो. तोंड कुठे करायचं कळेना म्हणून.

त्या दिवसापासून एक प्रश्न आहे. गडावर भुताच्या गोष्टी कमी नाहीत. कुठे घोड्यांच्या टापा ऐकू येतात, कुठे मावळे दिसतात. मग त्या बुरुजावर ते नवरा-बायको कुणाला दिसल्याची एकही गोष्ट मी का ऐकली नाही? पायात जिवंत गाडलेली दोन तरुण माणसं! यांचं भूत व्हायला नको, तर कुणाचं?

कारण भूत झालं तर ते काहीतरी मागेल. त्याग म्हटलं की काही द्यावं लागत नाही.

म्हणून कोरांटीताई, भुतं आणली की गुन्हेगार सुटतात हे मला उलटं वाटतं. आमच्या वाट्याला भूत होण्याचीही सोय नव्हती. ड्यूबाईंनी त्या पोरांना भूत होऊ दिलं. एवढ्यासाठी मी पुस्तक मागवलंय.

रानभूल

गावकूस, नमस्कार. देवचाराचं मला माहीत नव्हतं. वडील 'आपल्याआधी गाव कुणाचा होता' म्हणायचे, ते आता वेगळंच ऐकू येतंय.

तर्कटराव

मी इतकी वर्षं भूत उतरवणाऱ्यांविरुद्ध बोललो. उतरवलं जातं ते कुणाचं, हा प्रश्न आमच्या एकाही शिबिरात आला नाही. यावर लगेच लिहीत नाही.

(भूत नसतं, यावर मात्र ठाम आहे.)

गावकूस

मीही ठाम आहे, सर. 😀

लेखणीबहाद्दर

धागा अमेरिकन कादंबरीवर होता. प्रत्येक ठिकाणी जात आणलीच पाहिजे का? वंश वेगळा, जात वेगळी. तुलना अशास्त्रीय आहे.

पाटावरवंटा

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. पँथर हे नाव कुठून आलं ते सांगायला नको. धाग्यावर आणली म्हणता, ती दीडशे वर्षांपासून तिथेच आहे.

लेखणीबहाद्दर

तुलना करणं आणि एकरूप मानणं यात फरक आहे. मरिआनाच्या त्या स्मशानात गोरी मुलंही पुरलेली आहेत. पहिली ओळख पटली तो मुलगा गोराच होता.

आंबेमोहोर

बरोबर, जॉर्ज ओवेन स्मिथ, चौदा वर्षांचा. १९४१ च्या जानेवारीत घरच्यांना कळवलं की एका घराखाली मेलेला सापडला. आईवडील पोचले तर ताजं थडगं दाखवलं. बहिणीने सत्तर वर्षं त्याचा माग सोडला नाही. पण म्हणून काय? मेलेल्यांत काळी मुलं कितीतरी जास्त, आणि स्मशान काळ्यांच्या आवारात. एखाद्या गोऱ्या मुलाला मेल्यावरही काळ्यांच्या हद्दीत टाकलं, यातून त्या हद्दीची किंमत कळते. वंशद्वेष नव्हता हे त्यातून सिद्ध होत नाही.

टवाळ

मी टवाळकी करायला आलो होतो. चहा गार झाला.

एक बारका प्रश्न: 'हेंट'ला मराठीत काय म्हणाल? भूत फार ढोबळ. पिशाच्च म्हटलं की कीर्तनात गेल्यासारखं वाटतं. समंध म्हटलं तर आता गावकूसनी घोळ करून ठेवलाय.

रानभूल

आमच्याकडे बायका नाव घेत नाहीत. 'बाहेरचं' म्हणतात. बाहेरचं लागलं, बाहेरचं दिसलं.

गावकूस

ती पोरं शाळेच्या आवारातलीच आहेत. बाहेरचं कसं म्हणणार?

पाटावरवंटा

'हेंट'च ठेवा. बिस्किट चालतं, हेंट चालेल.

कोरांटी

पाटावरवंटा यांचं ऐकून ग्लोरियाची प्रकरणं सलग पुन्हा वाचली, रॉबर्टची वगळून. तुम्ही म्हणता ते बरोबर, साधी माणसं तिथे आहेत, आणि मी त्यांच्यावरून धावत गेले होते. हॅडॉकबद्दलचा आक्षेप मागे घेते.

शेवटाबद्दलचा नाही घेत. राज्याने २०१७ साली माफी मागितली आणि २०२४ साली त्या छळातून वाचलेल्यांसाठी दोन कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली, तोवर कितीतरी जण गेले होते. ती आकडेमोड मी वाचली ती याच धाग्यासाठी शोधताना. 'निकल बॉइज' वाचून मी काहीही शोधलं नव्हतं, नुसती पडून राहिले होते. तेव्हा कुठलं पुस्तक मला झोपवतं आणि कुठलं उठवतं, हे मी धाग्याच्या सुरुवातीला ज्या खात्रीने लिहिलं ती खात्री आता राहिलेली नाही. तरीही ते "बरं झालं" मला अजून आवडत नाही. सूड वाचताना मला गोड लागला, आणि तो माझा नव्हता.

गावकूस, पुस्तक आलं की शेवट वाचून सांगा. तुम्हाला तो कसा वाटतो ते मला ऐकायचं आहे.

गावकूस

सांगतो. कुरिअर 'तुमच्या शहरात पोचलं' असं तीन दिवस दाखवतंय.

आंबेमोहोर

काल संध्याकाळी शेजारच्या आजींना ओसरीच्या निळ्या छताबद्दल शेवटी विचारलं. हेंटबद्दल काहीतरी सांगतील म्हणून कान टवकारून बसले होते. म्हणाल्या, "त्या रंगाने गांधीलमाश्या पोळं करत नाहीत." एवढंच. आतून त्यांची मुलगी काहीतरी ओरडून बोलली, मला नीट कळलं नाही, आणि दोघी बराच वेळ हसत होत्या. मग आजींनी मला भोपळ्याच्या पायचा तुकडा दिला आणि विषय बदलला.